भाडोत्री पब्लिक

३ फेब्रुवारी

आज मी आयुष्यात पहिल्यांदा पोलिसांच्या अंगावर धावून गेलो आणि त्याबद्दल मला चहा मिळाला.

वहीचं पहिलंच पान आहे म्हणून सविस्तर लिहितो. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर एकतीस वर्षं बसून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. घरी बसून हिला कांदा कसा चिरावा ते सांगायला लागलो, तेव्हा हिनं पेपरातली एक जाहिरात कापून माझ्या ताटाशेजारी ठेवली. ही अपघात विभागात नर्स होती, हिला घरात शांतता लागते. पोलीस प्रशिक्षण केंद्राला 'सराव-नागरिक' हवा होता. ठाण्यात काम करणाऱ्यांवर हल्ले वाढलेत म्हणे. चिडलेल्या माणसाला कसं आवरायचं, स्वतःला कसं वाचवायचं हे त्यांना शिकवायचं आहे. त्यासाठी चिडलेला माणूस लागतो. खरा आणता येत नाही, म्हणून नट.

नट म्हणजे मी. कार्यालयाच्या नाट्यमंडळात मी सलग अकरा वर्षं हवालदाराचं काम केलं, उंचीमुळे. अकरा वर्षांत वाक्य एकच: "चला, चौकीवर चला." देवानं उशिरा का होईना न्याय केला. आता पोलीस गप्प बसणार आणि मी बोलणार.

हॉल मोठा आहे. जमिनीवर गाद्या, मधे प्लायवूडचा खोटा काउंटर, त्यावर खरा शिक्का आणि खरं शाईचं पॅड. समोर सोळा पोलीस, छातीवर आकडे लावलेले. त्यांना शिकवणाऱ्या मॅडम कमी बोलतात, पण त्यांनी एक नियम मला तीनदा सांगितला. प्रसंग चालू असताना कुणालाही लागलं, असह्य झालं, भीती वाटली, तर 'पुरे' म्हणायचं. तो शब्द कानावर पडला की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. फळ्यावरही मोठ्या अक्षरांत लिहिलंय.

मी म्हटलं, "मॅडम, काळजी नको. एकतीस वर्षं लोकांचं ऐकूनच घेतलंय."

६ फेब्रुवारी

संवाद पाठ करावे लागत नाहीत. तोंड उघडलं की तक्रार खिडकीवर ऐकलेलं सगळं आपोआप बाहेर पडतं. "तुम्हाला पगार कशाला मिळतो?", "वरपर्यंत ओळख आहे माझी", "तुमच्या घरी असं झालं असतं तर?" आज चोरीला गेलेल्या गाडीबद्दल चिडायचं होतं. रंगात आल्यावर मी ओरडलो, "तीन दिवस नळाला थेंब नाही!" पाच नंबर शांतपणे म्हणाला, "गाडीबद्दल बोलताय ना आपण?" मॅडमसुद्धा हसल्या.

पोरांनी माझं नाव पब्लिककाका ठेवलंय.

लिहायला थोडी लाज वाटते, पण घरी येताना अंग हलकं वाटतं. जेवणही जास्त जातं. जेवताना हिला तो बादलीचा किस्सा पुन्हा सांगितला. एका गृहस्थानं खिडकीतून माझ्या डोक्यात बादली घातली होती. रिकामी होती, पाणी नव्हतं म्हणूनच तर आला होता! चार टाके पडले होते. हा किस्सा ऐकून लोक हसून हसून लोळतात. ही मात्र इतक्या वर्षांत एकदाही हसलेली नाही.

१० फेब्रुवारी

आठवडा झाला, एकानंही 'पुरे' म्हटलेलं नाही. मी घसा फोडतो, टेबल हलवतो, कॉलर धरतो. मिशीवाले हवालदार, म्हणजे नऊ नंबर, त्यांच्या कोपरावर आज माझ्या हातून खरंच खुर्ची बसली. "काही नाही, काही नाही," म्हणाले आणि नळाखाली हात धरून बराच वेळ उभे राहिले.

चहाच्या वेळी त्यांना विचारलं, "अहो, मग म्हणायचं ना 'पुरे'! त्यासाठीच तर शब्द ठेवलाय."

ते मिशीतल्या मिशीत म्हणाले, "काका, जो म्हणेल त्याची सेवापुस्तकात नोंद होते."

"मॅडम तर म्हणतात होत नाही."

"मॅडम म्हणणारच. त्यांना म्हणायला सांगितलंय."

हे ठीक आहे. पण नट म्हणून मी याकडे वेगळं बघतो. माणूस अगदी हतबल होऊन 'पुरे' म्हणतो, ती माझी टाळी. सोळा जणांत एकही टाळी नाही म्हणजे माझं काम कमी पडतंय. मेहनत वाढवायला हवी.

१३ फेब्रुवारी

सोळा नंबरशी आज बोललो. अठ्ठावीस-तीसची पोरगी, दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते, थंडी वाजत असेल.

सात महिने तिला रेकॉर्ड खोलीत बसवलंय, जुन्या फायलींत. आधी ती ठाण्याच्या काउंटरवर होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, "किरकोळ होतं." हा कोर्स पास झाली तर काउंटर परत मिळेल. नापास झाली तर फायली कायमच्या.

मी म्हटलं, "अगं, फायली बऱ्या. कुणाची कटकट नाही. मी एकतीस वर्षं खिडकीवर काढलीत, मला विचार."

ती म्हणाली, "काका, माणसं रडत येतात आणि आपण लिहून घेतल्यावर थोडी शांत होऊन जातात. मला ते काम येतं. मला ते परत पाहिजे."

चांगली मुलगी आहे. तिला पास करायचंच असं मी मनाशी ठरवलं. माझ्याकडून खरी परीक्षा घेतली गेली, तर ती चमकेल.

१७ फेब्रुवारी

मॅडमनी जुन्या नोंदींच्या झेरॉक्सचा एक गठ्ठा दिला. नावांवर काळी शाई फिरवलेली. म्हणाल्या, "तुम्ही फार ओरडता. लोक प्रत्यक्षात काय बोलतात ते वाचा."

हा टोमणा होता, पण गठ्ठा म्हणजे खजिना निघाला. एका पानावर तर मी थबकलोच. एक इसम काउंटरच्या आत आला, 'शटर ओढून घेतो, म्हणजे आपल्याला नीट बोलता येईल' असं म्हणाला आणि त्यानं शटर खाली ओढलं. पुढे लिहिलंय: 'किरकोळ बाचाबाची झाली. महिला कर्मचाऱ्याचा पाय घसरून ती पडली. अकरा मिनिटांनी शटर उघडले. कर्मचाऱ्याची तक्रार नाही.'

काय वाक्य आहे! आरडाओरडा नाही, शिवी नाही, वर आपलेपणानं 'आपल्याला'. अकरा मिनिटांचा जबरदस्त प्रवेश, आणि लिहिणाऱ्यानं तो चार ओळींत गुंडाळला. नाट्यदृष्टी म्हणून नाहीच या लोकांना.

आरशासमोर वीस वेळा म्हणून पाहिलं. हिनं दार लावून घेतलं.

२० फेब्रुवारी

यश!

ते वाक्य आज तिघांवर वापरलं. दोन नंबर हसला, नऊ नंबरच्या मिशा हलल्या. सोळा नंबरच्या वेळी मी अगदी मऊ आवाजात म्हटलं आणि हातानंच शटर ओढल्यासारखं केलं. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. ती हलली नाही, बोलली नाही, पापणीसुद्धा नाही. अंगठा शाईच्या पॅडवर इतका दाबून धरला होता की प्रसंग संपल्यावर नखापर्यंत निळा झालेला. मॅडमनी कागदावर लिहिलं, 'प्रतिसाद नाही.'

अभिनयाला याहून मोठी दाद कोणती?

घरी हिला रंगवून सांगितलं. ही म्हणाली, "आमच्याकडे ओरडणारा पेशंट नंतर बघायचो. गप्प पडलेल्याकडे आधी धावायचो."

मी म्हटलं, "तुला नाटकातलं काही कळत नाही."

"नाही कळत," म्हणाली आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली.

२१ फेब्रुवारी

सोळा नंबर आज लवकर आली होती. मी कोट अडकवत होतो, तेवढ्यात म्हणाली, "काका, ते शटरचं वाक्य. कुठून आणलंत?"

आता नटाला असं विचारतात का? झेरॉक्समधून उचललं असं सांगायला जिवावर आलं. मी म्हटलं, "सुचलं."

"तुम्हाला सुचलं?"

"हो. अनुभवातून सुचतं माणसाला."

ती माझ्याकडे बघत राहिली. कौतुक असावं. मग दाराजवळच्या खुर्चीत जाऊन बसली.

२७ फेब्रुवारी

सोमवारी परीक्षा. मुख्यालयाचे साहेब स्वतः बघायला येणार आहेत. मॅडम सांगत होत्या, प्रयोग आवडला तर सराव-नागरिकाची जागा कायम होईल, गावोगाव नेतील. मी भांडारपालाच्या मागे लागून प्लायवूडचा एक मोठा तुकडा बिजागऱ्यांवर बसवून घेतला. आता काउंटरला खरोखर शटर आहे. मॅडमनी बजावलं, अर्धंच ओढायचं, आत काय चाललंय ते परीक्षकांना दिसलं पाहिजे. मला ते पटलेलं नाही. न दिसणाऱ्या गोष्टीत जी भीती असते, ती दिसणाऱ्यात कुठून येणार?

शटर मी सोळा नंबरसाठी राखून ठेवणार आहे. ती शेवटची आहे, आणि सगळ्यात जोरदार प्रवेश शेवटी ठेवतात एवढं मला कळतं. शिवाय तिच्यावर तो परिणामही छान करतो.

मिशीवाले हवालदार जाताना म्हणाले, "काका, सोळा नंबरला जरा सांभाळून घ्या."

मी म्हटलं, "परीक्षेत वशिला नाही."

२ मार्च

डाव्या हातानं लिहितोय. उजवं मनगट मोडलं. सोळा नंबरनं काहीही न सांगता मला ढकललं. काहीही न सांगता. ही 'आता झोप' म्हणते आहे. पुढचं नंतर.

५ मार्च

मी प्रसिद्ध झालोय.

झालं असं. मी काउंटरच्या आत गेलो, ते वाक्य म्हटलं, शटर ओढलं. थोडं जास्त ओढलं गेलं, म्हणजे पूर्णच. मग बाहेरच्या साहेबांना ऐकू जावं म्हणून आवाज चढवून मी पुढची वाक्यं म्हणत होतो, तेवढ्यात तिनं माझं मनगट पिरगाळून मला मागे लोटलं. मी मागच्या स्टुलाला अडखळून हातावर पडलो. तिनं लाथ मारून शटर उघडलं, बाहेर गेली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिला निलंबित केलंय. चौकशी होईल.

आज साहेब पुष्पगुच्छ घेऊन घरी आले. त्यांच्या विभागात हल्लाग्रस्त कर्मचाऱ्यांसाठी एक योजना आहे: पाच पानी अर्ज, मोफत समुपदेशन, मुख्यालयात सत्कार. भिंतीवर तक्ताही आहे: 'कर्मचाऱ्यावरील हल्ला खपवून घेतला जाणार नाही. या वर्षी नोंदलेले हल्ले:' आणि पुढे आकडा. तो आजवर शून्यच होता. गळ्यात केंद्राचं ओळखपत्र असल्यामुळे मी कर्मचारी ठरतो.

"काका, तुम्ही पहिले!" साहेब माझा चांगला हात हलवत म्हणाले. अर्जांचा गठ्ठा त्यांनी माझ्यासमोर फोडला. वरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं.

मी विचारलं, "इतक्या वर्षांत एकाही पोलिसाला कुणी मारलं नाही?"

साहेब म्हणाले, "असले अर्ज आमचे लोक भरत नाहीत हो. त्यांचे नेहमी पायच घसरतात."

ठाण्यातल्या फरश्या बदलून घ्याव्यात असं मी सुचवलं. त्यांनी मान डोलावली.

८ मार्च

समुपदेशक आल्या होत्या. तरुण आहेत, वही नवी कोरी. त्यांनाही मी पहिलाच. रात्री झोप लागते का? लागते. दचकता का? मुळीच नाही, असं सांगतोय तोच आत कुकरची शिट्टी झाली आणि माझ्या हातातली बशी गेली. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. प्लॅस्टरमुळे पकड नीट बसत नाही, एवढंच.

टेबलाशी माझी नेहमीची खुर्ची मी बदलली आहे. आता भिंतीला पाठ येते. उजेड चांगला येतो तिथे.

१० मार्च

सकाळी मॅडम आल्या. चौकशीत एकच प्रश्न उरलाय. सोळा नंबरचं म्हणणं, हात लावायच्या आधी तिनं 'पुरे' म्हटलं होतं. शटर बंद, बाहेर माझा आवाज, त्यामुळे दुसऱ्या कुणी ऐकलेलं नाही. म्हटलं असेल तर तिनं नियमानं सुटका करून घेतली. म्हटलं नसेल तर तिनं एका कर्मचाऱ्यावर हल्ला केला. मग रेकॉर्ड खोलीसुद्धा नाही, सरळ घरी.

"तुम्ही ऐकलंत का?"

"मॅडम, त्या गडबडीत…" मी म्हटलं. "आणि आता वय झालं. कान पहिल्यासारखे राहिले नाहीत."

मॅडमनी तसं लिहून घेतलं. उद्या माझा पाच पानी अर्ज न्यायला येते म्हणाल्या.

दुपारी ती स्वतः आली. साध्या कपड्यांत मी ओळखलंच नाही. माझी पडलेली चष्म्याची डबी द्यायला आली होती. हिनं तिला बसवलं, पाणी दिलं. मी मोठ्या मनानं म्हटलं, "हे बघ, मला तुझं वाईट करायचं नाही. मी लिहितो की माझा पाय घसरला. विषय संपला."

ती म्हणाली, "नको. सात महिन्यांपूर्वी मी तेच लिहिलं होतं."

तीच पुढे बोलली, अगदी सरळ आवाजात, साक्ष देतात तशी. "वरिष्ठ म्हणाले, काउंटरवर मार खाल्ला असं लिहिलंस तर तुला परत काउंटर देणार कोण. म्हणून पाय घसरला असं लिहिलं. तरी दिलाच नाही. अकरा मिनिटं होती ती, काका. तुम्हाला सुचलेलं वाक्य त्याला आधीच सुचलं होतं."

म्हणजे ते पान तिचं होतं. तरी माझ्या तोंडातून निघालं काय? "योगायोग असतात असे."

ती उठली. दारात थांबून म्हणाली, "मी 'पुरे' म्हटलं होतं. तुम्ही ऐकलंत का?"

मी कानाकडे बोट दाखवलं.

ती गेल्यावर मी पेपर उघडून बसलो. ही स्वयंपाकघरात होती, नळ चालू होता. आतून अगदी पुटपुटल्यासारखा हिचा आवाज आला, "चहा ठेवू का?"

"ठेव," मी म्हटलं, "साखर कमी घाल."

नळ बंद झाला. ही दारात आली, हात पुसत माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली. चहा आणला, तोही साखर कमी घातलेला.

११ मार्च

पहाटेच उठलो. अर्ज समोर घेऊन डाव्या हातानं लिहायला बसलो. आधी इथे लिहून बघतो, कारण आजवर इथेही खोटंच लिहिलंय.

तिनं 'पुरे' म्हटलं. मी ऐकलं. शटर खाली आल्यावर लगेच, माझ्याकडे बघून, हळू पण स्पष्ट. मला जो आनंद झाला तो सांगायची लाज वाटते. चार आठवडे ज्या शब्दाची वाट बघत होतो तो मिळाला होता. मला वाटलं, आणखी एकच वाक्य, साहेब बाहेर उभे आहेत. म्हणून आवाज चढवला. तिनं परत म्हटलं. दुसऱ्यांदाही ऐकलं. तिसरं वाक्य म्हणताना मी तिच्या वाटेत आडवा उभा राहिलो, कारण प्रवेश अजून संपला नव्हता.

आणि ते वाक्य माझं नाही. तिच्या आयुष्यातून उचललं आणि 'सुचलं' म्हणून सांगितलं.

अर्जात 'हल्ल्यापूर्वी आपण कोणती खबरदारी घेतली' असा रकाना आहे. तिथे हे सगळं लिहिलं. जागा पुरली नाही, मागच्या बाजूला गेलो. वाक्य कोणत्या पानावर होतं तेही लिहिलं, पान जोडलं. हिला वाचून दाखवायला घेतलं. ही म्हणाली, "दे इकडे." स्वतः वाचलं आणि सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

मॅडम अकरा वाजता आल्या. दारात उभ्यानंच वाचलं. म्हणाल्या, "हे पाठवलं तर तुम्हाला परत बोलावणार नाहीत."

"माहीत आहे."

"आणि काल कान गेले होते ते?"

मी म्हटलं, "कान चांगले आहेत. मीच चांगला नव्हतो." मॅडमनी कागद पर्समध्ये ठेवला. चहा घ्या म्हटलं तर थांबल्या नाहीत.

१९ मार्च

मिशीवाले हवालदार फळं घेऊन आले, त्यांच्याकडून कळलं. शिकवणीच्या पुस्तकात लिहिलंय: आधी स्पष्ट शब्दांत सूचना, मग सुटकेपुरतं बळ, मग मोकळ्या जागेत जाऊन उभं राहणं. सोळा जणांत हे तिन्ही फक्त एकीनं केलं होतं. निलंबन मागे, आणि परीक्षेत ती पहिली.

माझ्या अर्जावर शेरा आला: 'हल्ला नाही. सराव-नागरिकाकडून नियमभंग.' सत्कार रद्द, ओळखपत्र परत मागवलंय. तक्त्यावरचा एक खोडून पुन्हा शून्य केला. पण अर्जाला ते जुनं पान जोडलेलं असल्यामुळे मुख्यालयाला मूळ नोंदवही मागवावी लागली आणि सोळा नंबरचा जबाब नव्यानं घ्यावा लागला. तीन तास चालला म्हणे. आता तक्त्यावर परत एक आहे. त्या इसमाचा शोध सुरू झालाय.

हवालदार उठता उठता म्हणाले, "काका, तुमची खुर्ची माझ्या कोपराला लागली होती ना, हाड तडकलं होतं."

"मग त्या वेळी का नाही बोललात?"

"आत्ता बोललो की," म्हणाले आणि बाही वर करून दाखवली.

४ एप्रिल

त्या पानाबद्दल माझी साक्ष हवी होती, म्हणून तिच्या ठाण्यात बोलावलं होतं. आत जाण्याआधी काउंटरवर नाव लिहावं लागतं. काउंटरवर ती होती. शटर वर, कडी लावलेली. मी रांगेत उभा राहिलो.

माझ्या पुढच्या गृहस्थांची गाडी उचलून नेली होती. त्यांनी आवाज चढवला. मी जाणकाराच्या नजरेनं बघायला गेलो. वाक्यं सगळी माझीच होती, पगार कशाला मिळतो वगैरे. हातवारे जरा जास्त वाटले. एवढ्यात त्यांनी काउंटरवर थाडकन हात आपटला आणि मी दचकून मागे सरलो. मी भिंत धरली. एवढा मोठा माणूस, अकरा वर्षं हवालदाराचं काम केलेला.

ती त्या गृहस्थांना म्हणाली, "आवाज खाली. दोन पावलं मागे या, मग मी लिहून घेते." कसा कोण जाणे, ते मागे आले. तिनं लिहून घेतलं, पावती दिली. मग काउंटरची फळी उचलून खुर्ची घेऊन बाहेर आली आणि माझ्याजवळ ठेवली.

"बसा काका."

मी बसलो. थोड्या वेळानं म्हटलं, "तुला बरं जमलं. आता भीती वाटत नाही ना?"

"वाटते ना," ती म्हणाली. "आत्तासुद्धा वाटली. तुम्ही त्याच्याकडे बघत होतात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही."

तिनं हात पुढे केला. बोटं थरथरत होती. चार आठवडे ही मुलगी माझ्यासमोर उभी होती आणि मी तिचे हात एकदाही नीट पाहिले नव्हते. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. माफी मागितली. ती 'असू द्या' म्हणाली नाही, आणि तेच बरोबर होतं.

मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, ही रांग पुढे सरकणार की नाही?"

"सरकेल," ती म्हणाली, आणि हात थांबेपर्यंत माझ्या शेजारीच उभी राहिली.